चोरून लावलेला मनी प्लँट

आधी एक कबूल करा. सांगून होईपर्यंत कुणी हसणार नाही, आणि नंतर कुणी मेघाला फोन करून "काय गं, खरं का हे?" असं विचारणार नाही. मेघा म्हणजे माझी बायको. या विषयावर ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. कबूल? घ्या मग चहा.

मूर्खपणा सगळेच करतात हो. पण मी तो रीतसर अर्ज करून, साहेबांच्या साहेबांना प्रत पाठवून केलेला आहे!

मी नोएडातल्या एका आयटी कंपनीत आहे. नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच आहे. निदान या आठवड्यापर्यंत तरी. मूळचा पुण्याचा. "बस, सहा महिने" म्हणून मला इकडे पाठवलं, त्याला आता तीन वर्षं झाली. आई कोथरूडला एकटी असते. आमची इरा चार वर्षांची आहे, आणि आजी फोनमध्ये राहते अशी तिची पक्की समजूत आहे. एकदा फोनची बॅटरी संपली तर ही रडायला लागली, आजी अंधारात बसली म्हणून. त्या दिवशी मी ठरवलं, काही झालं तरी पुण्याची बदली मिळवायची.

आता आमच्या कंपनीबद्दल थोडं. तिथे बारा महिने संक्रांत असते. म्हणजे, सगळे फार गोड बोलतात! सुट्टी मागितली की "अरे जरूर लो यार, फॅमिली फर्स्ट!" आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून सात फोन. पाच मिनिटं जागेवरून उठलं की कॉम्प्युटरवरचा हिरवा ठिपका पिवळा होतो. तो पिवळा झाला की आमचे मॅनेजर भाटिया सर मेसेज करतात, "सब ठीक? तबियत?" केवढी काळजी! मी त्यांना एकदा बाथरूममधून उत्तर दिलेलं आहे.

शुक्रवारी 'फन फ्रायडे'. त्यात नाचणं सक्तीचं. गेल्या वर्षी माझ्या रिपोर्टमध्ये "टीममध्ये मिसळत नाही" असा शेरा आला. का? तर नाचताना मी फोनवर होतो. अहो, फोन क्लायंटचा होता! पण सांगणार कुणाला?

तर डिसेंबरात कुणकुण लागली की पुण्यात एक जागा निघतेय. एक कारखानेवाला क्लायंट होता, त्याच्या लोकांशी मराठीत बोलू शकेल असा माणूस हवा होता. आमच्या टीममध्ये मराठी माणसं किती? दोन. एक मी. दुसरा रोहन कर्णिक.

कर्णिक हा अस्सल दिल्लीचा. आजोबा सरकारी नोकरीत इकडे आले ते इथलेच झाले. याचं सगळं बालपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. मराठी बोलतो, नाही असं नाही. पण 'पाटपाणी' म्हटलं की "वो क्या होता है यार?" स्वभावानं साधा, हसरा, कुणाच्याही मदतीला धावणारा. सरळच सांगतो, मला तो तेव्हा डोळ्यांसमोर नको झाला होता. पुणे माझं! आई माझी! आणि हा मध्येच कुठला?

त्यात एका सोमवारी ऑफिसात गेलो, तर कर्णिकची जागा बदललेली. कुठे दिली होती? भाटिया सरांच्या काचेच्या केबिनला लागून, खिडकीपाशी! तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, दिल्लीची थंडी काढा एकदा, मग बोला. बाहेर धुकं, आत गारठा, मी एसीच्या तोंडाखाली मफलर गुंडाळून बसलेला. आणि अकरा वाजता जे काही बोटभर ऊन आत येतं, ते नेमकं कर्णिकच्या पाठीवर! दिवसभर मी ते ऊन सरकताना बघत होतो. काम शून्य.

दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर एक कुंडी आली. पांढरीशुभ्र, चिनी मातीची, त्यात टवटवीत मनी प्लँट, आणि एक कार्ड: 'ब्लूम प्रोग्रॅम. वी ग्रो टुगेदर.' एचआरच्या तान्या मॅडम स्वतः ती घेऊन आल्या, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात काहीतरी बोलल्या. माझ्याशी त्या तीन वर्षांत एकदाच बोलल्या होत्या, "आयडी कार्ड गळ्यात घाला" एवढंच.

मग रोज चार ते पाच तो भाटिया सरांच्या केबिनमध्ये. दोघंच! सर फळ्यावर काहीतरी काढून दाखवतायत, हा मान डोलावून लिहून घेतोय. रात्रीचे क्लायंट कॉल त्याचे बंद आणि ते आले माझ्या गळ्यात. आणि तो जवळून गेला की लोक बोलता बोलता गप्प व्हायचे. चहालासुद्धा त्याला कुणी हाक मारीना. मी मनात म्हटलं, बघा, मोठा होणार म्हणून आत्तापासून वचकून आहेत!

एकदा लिफ्टमध्ये गाठला त्याला.

"काय कर्णिक, हल्ली फार जोरात!"

तो कसंनुसं हसला. "अरे नाही यार, तसं काही नाहीये. बस, चल रहा है."

"सर रोज तासभर काय सांगतात?"

"कुछ नहीं यार. कामाचंच." आणि खाली बघायला लागला. चलो म्हणाला आणि तिसऱ्या मजल्यावरच उतरला. आम्हाला जायचं होतं सातव्यावर!

बघा, बघा, कसा लबाड! पोटातलं ओठावर येऊ देत नाही. मी तरी असंच समजलो. ज्याला कावीळ झाली त्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, आणि माझा तर ठिपकासुद्धा पिवळाच.

आता पुढचं ऐका, आणि इथे अजिबात हसू नका. मनी प्लँट विकत घेऊन किंवा कुणी दिला म्हणून लावला तर लागत नाही, तो चोरूनच लावावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? आमच्या आईनं तिचा चोरलेला आहे, शेजारच्या आजींनी आईचा चोरलेला आहे. तर एका दुपारी, कर्णिक केबिनमध्ये गेलेला असताना, मी प्रिंटरकडे जायच्या मिषानं त्याच्या टेबलापाशी गेलो. बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या बुटांना नाडी नाही, ही गोष्ट वेगळी. आणि नखानं एक फांदी खुडली! चांगली चार पानांची. शर्टाच्या बाहीत घालून जागेवर आणली, पाण्याच्या बाटलीत खोचली आणि कॉम्प्युटरच्या मागे ठेवली. वय वर्षं अडतीस, दोन पदव्या, आणि ऑफिसात पानं चोरतोय! पण काय सांगू, त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

ते बरं वाटणं टिकलं संक्रांतीपर्यंत.

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. मेघा गेली होती. परत आली ती तोंड फुगवूनच. वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी टेबलावर आपटली.

"कर्णिकच्या आई भेटल्या होत्या."

"मग?"

"मग काय! सगळ्यांना सांगत होत्या, आमच्या रोहनला साहेब रोज एक तास स्वतः शिकवतात, अगदी केबिनच्या शेजारी बसवलंय, आता काहीतरी मोठंच देणार. मला विचारलं, तुमच्या मिस्टरांना कुठे बसवतात? काय सांगू? एसीखाली?"

"मेघा, अगं..."

"अभय, तू तीन वर्षं तिथे नक्की करतोयस काय? न मागता कुणी देतं का? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही!"

तेवढ्यात इरा आली आणि मेघाच्या फोनवर आजीला व्हिडिओ कॉल लावून म्हणाली, "आजीला तिळगूळ देऊ." आणि तिनं लाडू फोनच्या पडद्याला चिकटवला. पलीकडून आई हसत "आ" करत होती. मेघा स्वयंपाकघरात निघून गेली. मी पडदा पुसत बसलो आणि माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता मी मेल लिहिली. इंग्रजीत होती, तुम्हाला मराठीत सांगतो. शब्द न शब्द पाठ आहे, कारण नंतर ती मला मोठ्यानं वाचून दाखवण्यात आली.

"आदरणीय भाटिया सर, रोहन कर्णिक यांना ब्लूम कार्यक्रमात घेतल्याचं पाहिलं. माझ्या नम्र मते या कार्यक्रमाची माझ्याइतकी गरज टीममध्ये दुसऱ्या कुणालाच नाही. गेल्या तीन वर्षांत माझ्या कामाकडे कुणी बारकाईनं पाहिलेलंच नाही. ते पाहिलं जावं. जे कर्णिक यांना दिलंत, तेच मलाही द्यावं, आणि शक्य असल्यास जरा जास्त."

शक्य असल्यास जरा जास्त! हे माझं वाक्य. प्रत एचआरला. प्रत भाटिया सरांच्या साहेबांना. पाठवली.

चार मिनिटांत तान्या मॅडमचं उत्तर. "अभय, इतका प्रामाणिकपणा मी आजवर पाहिला नाही. प्राउड ऑफ यू!" मोठ्या साहेबांकडून टाळ्या वाजवणारे हात आले, तीन जोड्या. म्हटलं, हात्तिच्या, एवढं सोपं होतं? तीन वर्षं उगीच गप्प बसलो!

भाटिया सरांचं मात्र काहीच उत्तर आलं नाही. काचेतून माझ्याकडे टक लावून बघत होते. मी हात हलवला. त्यांनी डोकं धरलं. बिचाऱ्यांना माझं मोल उशिरा कळलं, असं मी समजलो.

शुक्रवारी माझी कुंडी आली! तान्या मॅडमनी माझाही हात दोन्ही हातांत धरला. मी तर घरून डबाभर तिळाचे लाडू घेऊनच गेलो होतो. अख्ख्या मजल्यावर वाटले. लोक लाडू घेताना नजर वर करीनात. सांत्वनाला आल्यासारखे पाठीवर थोपटत होते. शेजारच्या गुप्तानं तर लाडू हातात तसाच धरून विचारलं, "भाई, घर पे सब ठीक है ना?"

"एकदम बढिया! आता तर अजून बढिया होणार!"

तो बिचारा उठून पाणी प्यायला गेला.

मेघानं कुंडीचा फोटो आईला पाठवला. आईनं सोसायटीत पेढे वाटले. आमच्या वॉचमनला, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा! "अभयची बढती झाली, आता येतोच तो पुण्याला."

आणि सोमवारी चार वाजले. मी नवा शर्ट घालून, नवी वही घेऊन केबिनमध्ये गेलो. भाटिया सरांनी दार लावलं.

"साळवी, एक बात सच सच बताओ. तुमने ये खुद क्यों लिखा?"

"सर, मला वाटलं, मीही लायक आहे."

"लायक?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "ब्लूम क्या है, पता है?"

मी म्हटलं, "प्रगती."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. 'ब्लूम'बद्दलची मेल. ती नोव्हेंबरातच सगळ्यांना आली होती. आता एचआरच्या मेल मी वाचत नाही, त्यांच्यासाठी एक वेगळा कप्पा केलाय, त्या परस्पर तिकडे जातात. तुम्ही वाचता? खरं सांगा!

मेलमध्ये लिहिलं होतं, ज्यांचं काम अपेक्षेपेक्षा कमी पडतं अशा सहकाऱ्यांसाठी हा कार्यक्रम. सहा आठवडे रोज एक तास मॅनेजरांनी तपासणी घ्यायची. लक्ष ठेवता येईल अशा जागी बसवायचं. क्लायंटपासून लांब ठेवायचं. सहा आठवड्यांत सुधारणा न दिसल्यास 'कंपनी आणि सहकारी आनंदानं आपापल्या वाटेनं जातील.' आणि प्रेमाची खूण म्हणून एक कुंडी.

ऊन बिन काही नाही हो. खिडकीपाशी बसवला होता तो नजरेसमोर राहावा म्हणून!

"सर, मग... परत घ्या ना मेल."

"कैसे लूं? ऊपर सबने तालियां बजा दी हैं." मग सर आवाज खाली आणून बोलले. प्रत्येक टीममधून दोन नावं द्यायचीच, असा वरून हुकूम होता. काम चांगलं असो की वाईट, दोन म्हणजे दोन. एक कर्णिकचं दिलं होतं, तो नवा म्हणून. दुसऱ्यासाठी ते महिनाभर टाळाटाळ करत होते, कुणाचं नाव द्यायला हात धजत नव्हता. तेवढ्यात माझी मेल!

"और ये देखो." त्यांनी खण उघडून एक कागद पुढे केला. पुण्याच्या बदलीचा. वर माझं नाव. 'अभय साळवी.' सह्या झालेल्या. गेल्या शुक्रवारीच मला सांगणार होते.

"तुम्हारा ही था. कर्णिक की मराठी तो तुम जानते हो." ते म्हणाले. "लेकिन जो ब्लूम में है, उसका ट्रान्सफर नहीं होता."

मी नव्या वहीत काय लिहिलं असेल? तारीख. फक्त तारीख.

बाहेर आलो तर कर्णिक माझ्या जागेपाशी उभा. डोळे भरलेले. मला म्हटलं तर रागच यायला हवा होता. पण त्यानं एकदम मिठीच मारली.

"यार अभय, मला समजलं तू का केलं ते."

"काय समजलं?"

"मी बिल्कुल अकेला पडलो होतो रे. कोणी चाय प्यायला पण नाही यायचं. आईला पण मी खोटं बोललो. आणि तू स्वतःहून माझ्यासोबत आलास. कौन करता है यार आजकल?"

कॉम्प्युटरच्या मागे बाटलीत त्याचीच चोरलेली फांदी, तिला आता बोटभर मुळं फुटलेली! मी म्हटलं, "चालायचंच रे." इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

कर्णिकचे सहा आठवडे जानेवारीअखेर संपले. रोज तासभर भाटिया सरांनी घोटून घेतल्यावर कोण सुधारणार नाही? शंभर टक्के पास झाला. आणि पुण्याची जागा तर रिकामीच होती. टीममध्ये मराठी बोलणारा, ब्लूममध्ये नसलेला माणूस उरला कोण?

जाताना त्यानं आपली कुंडी मला दिली. "तुझी आठवण ठेव" म्हणाला. त्याला म्हणायचं होतं, माझी. आता माझ्या टेबलावर दोन कुंड्या आणि एक बाटली आहे. एकाच माणसाला दोन कुंड्या कंपनीत आजवर कुणालाच मिळालेल्या नाहीत. नवीन आलेले लोक तर माझ्या टेबलाला वळसा घालून जातात.

माझा सहावा आठवडा चालू आहे. भाटिया सर धीर देतात, "हो जाएगा." बघू या. हो, आणि अकरा वाजता ऊन येतं आता माझ्या पाठीवर. पण फेब्रुवारीत ते टोचतं हो!

आणि तिकडे पुण्यात? आईला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "त्या कर्णिकला माझा पत्ता दे. परक्या गावात मुलाचे जेवणाचे हाल होत असतील." परकं गाव! आता दर रविवारी तो आईकडे जेवायला असतो. तिचे दिवे बदलून देतो, औषधं आणून देतो. आई मला फोनवर म्हणते, "किती गुणी मुलगा रे! आणि तुझं काय कौतुक करतो! असा मित्र नशिबानं मिळतो म्हणतो." भरली वांगी त्याला आवडतात म्हणून सारखी करते. माझी वांगी! मी जळतो. अजूनही जळतो, लपवून काय उपयोग?

म्हणून तुम्हाला सांगतो, मनी प्लँट चोरून लावला की लागतोच. माझा तर असा लागलाय की काढता येत नाही.

परवाच्या रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आई, तिच्या शेजारी पाटावर कर्णिक, पुढ्यात ताट. त्यानं घास उचलून इराला टाटा केला. इरानं फोन उलटा करून मागे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, आपल्याला जाता येत नाही, मग रोहनकाका आजीच्या फोनमध्ये कसा गेला?"

खरं तेच सांगितलं. म्हटलं, "मी पाठवला, बाळा. अर्ज करून."